लॉगबुकावरची पाच बोटं

विमान सगळ्या देशांत सारखंच उडतं, पण हे खुर्चीत बसलेल्या माणसांना सांगायचं कोणी? साठ सालानंतर दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून मी मशिनी शिकायला पश्चिम जर्मनीतल्या एका कारखान्यात गेलो आणि रविवारी तिथल्या क्लबात विमान चालवायला शिकू लागलो. वर्षभराने कारखान्याने बेल्जियमला पाठवलं. तिथल्या डॉक्टरने डोळे, कान, सगळं नव्याने तपासलं, जणू माझी नजर जर्मनीतच विसरून राहिली होती. कायद्याचा पेपरही पुन्हा, आणि तो फ्रेंचमध्ये. शिव्या मात्र मी वऱ्हाडीतच दिल्या.

एवढं करून हाती आलं ते एक लॉगबुक. त्यात प्रत्येक उड्डाणाची नोंद, शेजारी शिकवणाऱ्याची सही. मी एकट्याने केलेल्या उड्डाणांचं जर्मन पान सगळ्यांत मोलाचं. पुढचा मुक्काम इंग्लंडचा होता. तिथे हे तास धरले, की आणखी थोडं उडून खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळणार होतं.

मधल्या सुटीत घरी आलो तो दसऱ्याला. आदल्या दिवशी मीच बाबांपुढे फुशारकी मारली होती, की या पुस्तकाशिवाय माझं विमान जागचं हलत नाही. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. बाबांनी वखर, डवरा, विळे धुऊन अंगणात मांडले. मी आंघोळ करून आलो, तर विळ्यांशेजारी पाटावर माझं लॉगबुक उघडं, वर झेंडूचं फूल, आणि पानावर ओल्या कुंकवाची पाच बोटं. शाई फुटली होती. सही, तास, तारखा, सगळ्याचा लाल चिखल झाला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा म्हणाले, "मले वाचता येते कुठं? ज्या पानावर शिक्का दिसला, थेच मोठं समजलो. तुह्यं हत्यार हाय ना थे?"

"समजत नाही तं हात कायले लावता?" मी ओरडलो. पूजेला जमलेली भावकी पाहत होती. बाबांनी पाटावरचं फूल तेवढं उचललं.

इंग्लंडच्या साहेबाने ते पान दोन बोटांत धरून हे काय आहे म्हणून विचारलं. मी पूजा समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ते सगळे तास खोडले. वाचता न येणारी सही ही सहीच नव्हे, म्हणे. जर्मन क्लबाला पत्रं लिहिली, पण शिकवणारा कुठेतरी निघून गेला होता आणि बाकीच्यांना काही देणंघेणं नव्हतं. एकट्याने केलेलं प्रत्येक उड्डाण मी दात-ओठ खात पुन्हा केलं. निम्मे रविवार धुक्यात वाया गेले. साहेबाचा राग यायचा, त्याहून जास्त बाबांचा.

लायसन्स मिळालं, आणि ते घेऊन मी दोन वर्षांनी पुन्हा दसऱ्याला घरी आलो. बाबांनी हत्यारं मांडली, विळ्यांशेजारी एक मोकळा पाट ठेवला आणि कुंकवाचा करंडा माझ्याकडे सरकवला.

"या खेपेले तूच लाव," ते म्हणाले. "मी हात नाही लावत."

लायसन्स माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. बाबांनी त्या मोकळ्या पाटावर एक फूल ठेवून पूजा उरकली.

साहेबावरचा राग कधीच विझला. खिसा घट्ट धरून उभ्या राहिलेल्या त्या शहाण्यावरचा अजून विझत नाही.