पैनगंगेच्या कोरड्या पात्रात

आमच्या शिवगंगाबाईंना भीती कशाशी खातात हे माहीत नव्हतं. बायको माझी, कन्याशाळेत भूगोल शिकवायची, आणि शिकवलेलं सगळं डोळ्यांनी बघायचा हट्ट. लातूर जिल्हा झाला, मला नव्या कचेरीत कारकुनी मिळाली, मी राजदूत मोटारसायकल घेतली आणि आमचं हिंडणं सुरू झालं. सुट्टी आली की ही मागच्या सीटवर. उदगीर झालं, माहूर झालं, किनवटचं जंगल झालं. ती बघायची, मी घाबरायचो. दोघांनाही ते अंगवळणी पडलं होतं.

जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, पावसानं दडी मारली. लोक घागरी घेऊन हिंडत होते आणि हिच्या डोक्यात वेगळंच. भरल्या नदीतून कोणाला चालता येतं? पैनगंगा कोरडी आहे तोवर पात्रातून चालून येऊ, म्हणाली.

चैत्रात हिमायतनगरच्या पुढं एका चहाच्या टपरीवर गाडी ठेवली. पाण्यासाठी अस्वलं नदीत उतरतात, ऊन चढायच्या आत परता, असं टपरीवाल्यानं बजावलं. मी तिथूनच परतायला तयार होतो.

दोन कोस गेलो. मोठमोठ्या खडकांवरून चढउतार करताना ती एकदा घसरली, हसली, उठली. परतताना निम्म्या वाटेवर तिनं गळ्याला हात लावला आणि तिथंच थांबली. गळ्यात नुसता तुटका दोरा होता, लिंग नव्हतं.

आम्ही लिंगायत. लहानपणी गुरूनं दिलेलं लिंग मरेपर्यंत अंगावर असतं. ते अंगावर नसेल तर घोटभर पाणीही घ्यायचं नाही. माझं लिंग घरी देवघरात सुखात होतं, मी तसलाच. ती तशी नव्हती. दोरा झिजलाय, नवा आणा, असं तिनं दोनदा सांगितलं होतं. मी विसरलो होतो.

ऊन तापलं. तिच्या पायात गोळे आले, जीभ जड झाली. मी बाटली पुढं केली, हातापाया पडलो, मठातल्या स्वामींना प्रायश्चित्त मागून विचारू म्हणालो.

"लिंग न्हाई तं पाणी न्हाई," एवढंच ती बोलली.

ही इथं पडली तर मी हिला उचलून नेऊ शकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिला जांभळाच्या सावलीत बसवलं, बाटली जवळ ठेवली आणि लिंग शोधायला एकटाच मागं फिरलो.

ती घसरली होती त्या खडकाखाली अस्वल ओली वाळू उकरत होतं. मी धोंड्याआड बसलो. त्याचं फुरफुरणं ऐकू येत होतं, एकदा तर त्यानं नाक वर करून माझ्याच दिशेला वास घेतला. मी शिवाचं नाव घ्यायला गेलो तर तेही आठवेना. तास गेला की दोन, कळलं नाही. ते गेल्यावरही मला उठवेना. शेवटी उठलो. खडकाच्या फटीत तिचं लिंग बांधलेली पांढऱ्या कापडाची पुरचुंडी अडकली होती. ती मुठीत घट्ट धरली आणि पळत सुटलो.

वळणावर ती समोरून येत होती. हातात काठी, खांद्याला बाटली. मी पुरचुंडी पुढं केली. तिनं घेतली नाही.

"मी पाणी पिले," ती म्हणाली.

मी पुरचुंडी तशीच पुढं धरून राहिलो.

"उन्हं कलली, तुमचा पत्त्या न्हाई. हाका मारून राहिले, तुमची ओ न्हाई. पाण्याबिगर पाय उचलंना झाले. मग पिले. तुम्हाला हुडकायला यायचं होतं."

तिची हनुवटी कापत होती. संसाराच्या चौदा वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं.

"लई भ्याले मी," ती म्हणाली, आणि लिंगाच्या आधी तिनं माझं मनगट धरलं.