मले पाणी पायजे

आलापल्लीजवळच्या शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवत होते. पोरं ‘मले’ म्हणाली की ‘मला’ असं दहादा म्हणवून घ्यायचे. माझ्या माहेरीही ‘मले’च म्हणत. शिक्षिका होताना ते मी मुद्दाम सोडलं होतं.

एका सकाळी हजेरी घेताना हातातला पेन गळून पडला. पुढच्या मुलीचं नाव वहीत दिसत होतं, पण तोंडातून फुटेना. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी आहे.

हात आठवड्याभरात सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. मग वाचा-उपचार करणाऱ्या एक तरुण बाई रोज यायला लागल्या. त्यांनी कपाचं चित्र दाखवलं. कप म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं, चहाचा वाससुद्धा आठवला, आणि मी म्हणाले, “पंखा.” चुकलं हे माझं मलाच ऐकू आलं. तेच सगळ्यात जास्त लागलं.

“शब्द पुसले गेले नाहीत, ताई,” त्या म्हणाल्या. “अर्थ जागेवर आहे. अर्थापासून शब्दापर्यंतची वाट बंद झालीय. दुसरी शोधू.” त्यांनी मला आकडे म्हणायला लावले. एक ते वीस मी सरळ म्हणाले. पण पाच बोटं दाखवून “किती?” विचारलं, तेव्हा अडले. पाठ असलेलं आणि जुळवून बोलायचं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या आठवड्यात घसा कोरडा पडला आणि अख्खं वाक्य बाहेर आलं, “मले पाणी पायजे.” नवऱ्याचे डोळे भरले. लगेच म्हणाला, “मला पाहिजे, असं म्हण.” प्रयत्न केला, जमेना. मेहनतीनं कमावलेली भाषा अडून बसली होती, आईची आपसूक आली होती. मला लाज वाटली. वाचा-उपचारवाल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “येऊन राह्यलं तसं येऊ द्या, भाऊ.”

पाच महिन्यांनी शाळेत गेले. मुख्याध्यापक हळुवारपणे म्हणाले, “बाई, मराठीचा तास दुसऱ्यांना देतो. तुम्ही ग्रंथालय बघा. पोरांसमोर हे असं…”

मी बोलायला लागले, तर ते स्वतःच माझं वाक्य पुरं करायला निघाले. मी हात वर केला.

“थांबा. मी… बोलून राह्यली. तास… मीच घेईन.”

“पोरं हसतील, बाई.”

“हसू द्या.”

हसलीच. चार दिवसांनी थांबली.

मग एक पालक तक्रार घेऊन आला. “बाई, तुमच्यानं माह्या पोरीचं मराठी बिघडून राह्यलं.”

त्याला मी खुर्ची दिली. एकेक शब्द शोधत, अडखळत विचारलं, “भाऊ… तुमी आता… कोनतं मराठी… बोलले?” तेवढ्याला पुरती दोन मिनिटं गेली. बाजूला बसलेल्या मुख्याध्यापकांनी मदतीला तोंड उघडलं, त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तो माणूस खुर्चीतून उठला आणि म्हणाला, “पोरगी म्हनते, बाई आता रागवत नाई.”

पाचवीचा तास अजून माझ्याकडेच आहे. काल ‘खिडकी’ म्हणायचं होतं, ‘चिंच’ म्हणाले. वर्ग गप्प राहून वाट बघत होता. मीही घाई केली नाही.