पांढऱ्या हरणाला कुंकू

काल सुनेने फणस फोडला आणि त्या वासाने मला आमचं बोरिवलीचं जुनं घर आठवलं. घर जंगलाच्या कुंपणाला लागून होतं. फणसाची सालं आम्ही मागच्या दारी घमेल्यात ठेवायचो आणि ती खायला पहाटे हरणं यायची. गिरणी बंद पडल्यापासून आमचे हे घरीच असायचे, कोणाशी धड बोलायचे नाहीत. हरणं आली की मात्र मला हाक मारायचे आणि आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून बघायचो.

एका पहाटे कळपात एक पांढरं हरीण आलं. अंगावरचे ठिपके असून नसल्यासारखे, नाक गुलाबी. ते साल चावायला लागलं आणि ह्यांनी माझा हात धरला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण असा कधी धरला नव्हता.

मी म्हटलं, "अहो, लक्ष्मी आलीय दारात. कुंकू लावते."

"गप बस गं. हरीण आहे ते, गाय नाही."

मी ऐकते कसली! हात सोडवून आत गेले, कुंकवाचा करंडा आणला, दोन पावलं पुढे टाकली आणि सगळा कळप कुंपणापार पळाला.

"लावलंस कुंकू?" असं म्हणून हे चक्क हसले.

फणस संपेपर्यंत आम्ही रोज बसलो. बाकीची हरणं आली, ते आलं नाही. ह्यांनीही पुन्हा हात धरला नाही आणि मला आपणहून धरायची लाज वाटली. आता हे नाहीत. हरणाचं मला काही वाटत नाही. हात मात्र मी उगाच सोडवला.