हटवार काकांचा पेनड्राइव्ह

पवनीच्या हटवार काकांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, की ते गिऱ्हाइकालाच खुर्चीवर बसवत आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहत. पहिल्यांदा मी चिडलोच होतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, मशीन दुरुस्त करत नाही. काका म्हणाले, "सर, आज मी करून देईन, बिगडला का पुन्हा याल. कायले पाह्यजे हे लचांड? तुमीच करा, मी पाहून राहिलो ना!"

काकांची पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. ती बंद पडल्यावर ते कॉम्प्युटरकडे वळले. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना पडद्यावर इंग्रजी प्रश्नांची रांग लागते आणि लोक तिलाच भितात, हे त्यांनी हेरलं. मग फुकट मिळणारी एक सिस्टिम घेऊन त्यांनी ती टाकायची रीतच बदलली. प्रश्न मराठीत आणले, निम्मे परस्पर सोडवून टाकले, उरलेलेही एकेक करून काढले. शेवटी 'सुरू करू का?' एवढंच उरलं. पेनड्राइव्ह लावायचा, 'हो' दाबायचं आणि चहा ठेवायचा. "कुकरची शिट्टी समजते ना? मंग हेबी जमते," असं ते प्रत्येकाला सांगत. सांगण्यात थोडा तोराही असे.

सुमनबाई नदीवर मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्यांचा नवरा दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, गायचा. तो वारला, पण त्याची गाणी घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती. कॉम्प्युटर फारच रेंगाळू लागला म्हणून बाईंनी काकांचा पेनड्राइव्ह नेला आणि 'हो' दाबलं. मशीन झकास चालू लागली. गाणी गेली. जुनं सगळं पुसायचं का, हा प्रश्न काकांनीच काढून टाकला होता. 'पुसणे' हा शब्द वाचला की लोक हात आखडतात, म्हणून.

त्या आल्या तेव्हा मी दुकानातच होतो. बाई भांडल्या नाहीत. "तुमी म्हणलं होतं, कायी होत नाही. त्याचा आवाज तेवढाच होता जी."

काकांनी कारणं दिली नाहीत. "माह्याच्यानं गेला, बाई. तुमच्यानं नाही." त्यांनी मशीन ठेवून घेतली, नागपूरलाही नेली. काहीच परत मिळालं नाही. हे सांगायला काका स्वतः बाईंच्या घरी गेले.

त्यानंतर पेनड्राइव्हमध्ये 'हो'च्या आधी एक पडदा वाढला. 'थांबा. यात कोणाचा फोटो, कोणाचा आवाज आहे का? घरात विचारून या.' तिथे 'हो'चं बटण काही मिनिटं चालतच नसे. लोक कुरकुरत. माझ्या कॉम्प्युटरवर तो आला तेव्हा मीही म्हटलं, "काका, सोपं करता करता अवघड केलंत."

"सोपं म्हंजे लवकर नाही, सर. मले उशिरा समजलं. उठा, वयनीले विचारून या."

मला ते अतीच वाटलं. तरी उठलो.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. तेरवीनंतर एकदा त्यांच्या घरी गेलो, तर पुण्याहून आलेला मुलगा काकांची मशीन भाचीला द्यायची म्हणून आतल्या खोलीत नवी सिस्टिम टाकत बसला होता. पेनड्राइव्ह अर्थात काकांचाच. जरा वेळानं तो बाहेर आला. काकू तांदूळ निवडत होत्या.

"आई," तो म्हणाला, "याच्यात कोणाचा आवाज आहे का?"

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"तुह्या बाबाचा असन ना रे. पुसू नको. लाव पयले."