लग्नाला जेवलेले साक्षीदार

राज्यांची फेररचना झाली त्या साली मी आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून होतो. भीमपूरकडची एक तरुण बाई दोनदा येऊन गेली. नवरा नुकताच फौजेत भरती झालेला. त्याच्या पगारातला हिस्सा तिला मिळायचा, तर बायको असल्याचा दाखला हवा होता. साहेब पुरावा मागत होते.

तिसऱ्यांदा ती बैलगाडी भरून माणसं घेऊन आली. "हे समदे माह्या लग्नात जेवले, साहेब. इचारा."

साहेबांना हसू आलं. जबाब घेऊन त्यांनी सही केली. मी दाखला तिला वाचून दाखवला. नवऱ्याचं नाव, पुढं नुसतं 'यांची पत्नी'.

ती टेबलाची कड धरून उभीच. "माहं नाव नाई? मंग डाकवाला मनिऑर्डर कोनाले देईन?"

मी ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. तिनं ते मला पुन्हा वाचायला लावलं, बाहेर गाडीतल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.