उरलेली पृथ्वी

आमच्या शाळेच्या भिंतीवर चौदाशे मिलिमीटर व्यासाचा सूर्य रंगवलेला आहे. त्या मापाने पृथ्वी तेरा मिलिमीटरची होते आणि दीडशे मीटरवर, चहाच्या टपरीपाशी येते. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, त्र्यंबक रस्त्याच्या पंक्चरवाल्याकडे. हा सगळा हिशेब वडिलांचा. ते अंबडच्या कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या लेथवर त्यांनी आठही ग्रह काढले आणि सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, फेरे मोजत, अंतरं आखली. मी त्या शाळेत विज्ञान शिकवतो.

"पोरांना एकदा नेपच्यूनपर्यंत चालवायचं," ते म्हणायचे. "मधलं रिकामं पायांना कळलं पाहिजे."

छातीच्या डॉक्टरांनी त्यांचं चालणं बंद केलं होतं. एवढं चालून झालं की बंद, असं त्यांचं उत्तर.

उद्घाटन झालं की लगेच मुलांना घेऊन निघायचं होतं, पण पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर संस्थेच्या अध्यक्षांनी पूजेला गुरुजी बोलावले. ग्रह म्हटल्यावर पूजा नको? चौरंगावर लाल कापड अंथरलं. सूर्य-चंद्राच्या जागी सुपाऱ्या. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आयतेच मिळाले. राहू-केतूची अडचण गुरुजींनी युरेनस आणि नेपच्यून घेऊन सोडवली. साडेचार किलोमीटर दोन वितींत मावले.

"आणि ही?" वडिलांनी पृथ्वी पुढे केली.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, ही यांच्यात नसते."

"मग आपण उभे कशावर?"

"ठेवा खिशात."

त्यांनी ठेवली. पाहुणे विश्वाच्या अफाटपणावर पाऊण तास बोलले. ऊन चढलं, मुलांना पुलाव देऊन सोडलं.

"पुढच्या शनिवारी नेऊ," मी म्हणालो.

"हो," वडील म्हणाले.

पुढचे शनिवार परीक्षेत, मेळाव्यात आणि शेवटी दवाखान्यात गेले.

त्यांचे शर्ट कुणाला तरी द्यायचे म्हणून खिसे तपासले, तेव्हा पृथ्वी सापडली. एका रविवारी ती घेऊन भिंतीपासून निघालो. टपरीपाशी ठेवायची होती. ठेवली नाही, चालत राहिलो. गुरूनंतर बराच वेळ काहीच येत नाही. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. सायकलवाले म्हातारे आठवतात का, विचारलं.

"ते पोरं आणणार होते ना? मी माठ भरून ठेवला होता. दिवसभर वाट पाहिली."

मी त्याला खरं ते सांगितलं. त्याने हात पुसले आणि मला पाणी दिलं.