गिटारवहिनी

कुसुमवहिनी कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायच्या. कुणी नवी साडी दाखवली, तर पदराचं कौतुक करायच्या आधी आतले धागे बघायच्या. हळदीकुंकवाला वाटी मिळाली, तर बुडाशी कुणाचं नाव घातलंय ते तिथेच वाचायच्या. मी हसले की म्हणायच्या, "पुढून सगळ्याच वस्तू छान दिसतात गं. ती कुठून आली ते मागून कळतं."

भिवपुरीच्या कॅम्पात आमची बिऱ्हाडं शेजारी होती. दोघींचे नवरे वीजघरात. माझं माहेर खालापूरकडचं, भातशेतीवाल्यांचं, त्या पुण्याच्या. लग्नाआधी त्या हवाईयन गिटार शिकल्या होत्या. तेव्हा तिची फार हौस होती लोकांना. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत सूर काढायचा. संसारात ते सगळं मागे पडलं होतं. मग एका भाऊबीजेला त्यांच्या भावानं ओवाळणीत लालभडक इलेक्ट्रिक गिटारच घातली. मुंबईच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून आणलेली. दुकानदारानं ती विलायती म्हणून दिली होती.

भास्कररावांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, ती घरातल्या रेडिओला जोडून दिली. त्या संध्याकाळी अख्ख्या कॅम्पानं वहिनींची गिटार ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गिटारवहिनी झाल्या.

पण वहिनींनी ती उलटी करून बघितलेली होतीच. एके दुपारी मला हाक मारली. "सुमन, इकडे ये. हे बघ." आवाज कमीजास्त करायचं बटण होतं, त्याच्या बरोबर विरुद्ध कडेला रंगाखाली एक गोल उंचवटा लागत होता. तिथलं भोक लाकडानं बुजवलेलं होतं. हात टेकून टेकून रंग उडतो, तो उडाला होता भलत्याच बाजूला. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात, तिच्या जाड खाचा बारीक केलेल्या, बारीक खाचा जाड केलेल्या. वर आणखी एक लोखंडी पट्टी ठोकून तारा उचललेल्या.

"ही आधी डावखुऱ्या माणसाची होती," वहिनी म्हणाल्या. "मग कुणीतरी उजव्या हाताची केली. आणि मग तिसऱ्या कुणीतरी तारा उचलून हवाईयन केली. तीन घरं फिरून आलीय बिचारी."

"वाजवायची सोडून तिचं पोस्टमॉर्टेम काय करत बसलीस?" भास्करराव म्हणाले. पण ऐकतील त्या वहिनी कसल्या!

पुढच्या सुट्टीत त्या माझ्याबरोबर माझ्या माहेरी आल्या, त्या गिटार चादरीत गुंडाळून घेऊनच. माझे वडील अंगणात नांगर तासत बसले होते. वहिनींनी गिटारची रंग उडालेली कड त्यांच्यापुढे धरली. त्यांनी नखानं कोरून पाहिलं, वास घेतला. "ह्यो साग हाय, बाय."

"म्हणजे विलायती नाही?"

"त्ये मला काय ठावं? मी खोपोलीच्या फुडं कदी गेलो नाय."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

घरी आल्यावर भास्कररावांनाही राहवेना. त्यांनी स्क्रू काढले. दांडी जिथे जोडली होती तिथे पितळेची पट्टी होती, आणि तिच्या आतल्या बाजूला रेल्वेची अक्षरं ठोकलेली. तारांखालचं लोहचुंबक जुन्या टेलिफोनमधलं. "ही विलायतेतली नव्हे," ते म्हणाले, "कुणा रेल्वेवाल्यानं घरी बसून भंगारातून केलीय. पण काय सुरेख केलीय!" आता वहिनींना धीर निघेना. रेल्वेवाले म्हणजे आमच्या जवळ कर्जत. घाट चढायला गाड्यांना मागून इंजिन लावतात ते तिथेच. त्यामुळे स्टाफ मोठा, आणि एके काळी तिथे रेल्वेवाल्यांचे गाण्याबजावण्याचे कार्यक्रमही व्हायचे. आम्ही दोघी एस्टीनं कर्जतला गेलो आणि रेल्वेच्या चाळींतून विचारत सुटलो. पाण्याच्या नळावर एक बाई म्हणाली, "डावखुरा गिटारवाला? मग तो पेद्रू गार्ड. रिटायर झाला. स्टेशनामागं ऱ्हातो."

पेद्रू गार्ड दारात कोंबड्यांना दाणे टाकत होते. एकटेच राहत. उंच, वाकलेले, अंगात गंजीफ्रॉक. वहिनींनी चादर उलगडली आणि पेद्रू गार्डांच्या हातातला दाण्यांचा डबा खाली पडला.

"आंतोनला काय झालं?" त्यांनी विचारलं.

आम्हाला काही कळेना. ते वहिनींच्या अगदी पुढ्यात आले. "बाय, लपवू नको. माझा आंतोन कुठं हाय? ही त्याच्यापाशी होती. बोटीवर."

मग उलगडा झाला. आंतोन त्यांचा एकुलता एक मुलगा. मुंबईला ऑर्केस्ट्रात वाजवायला गेला, तेव्हा बापानं आपली गिटार त्याला दिली होती. पुढे तो बोटीवर नोकरीला लागला. गिटार बरोबर नेतोय, असं बापाला सांगून गेला. म्हातारा इकडे रोज मनात पाहायचा, पोरगा बोटीवर गिटार वाजवतोय. आणि आज गिटार आली ती पोराशिवाय.

वहिनींनी त्यांना खाटेवर बसवलं. पाणी दिलं. खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. "माझ्या भावानं ही दुकानातून घेतली, काका. दिवाळीत."

पेद्रू गार्ड बराच वेळ मनाशी हिशेब करत राहिले. "दिवाळीनंतर तर त्याचं पत्र आलंय. म्हंजे जायच्या आदीच विकली त्यानं." मग एकदम श्वास सोडून म्हणाले, "बरा हाय म्हंजे. जिवंत हाय. मग ठीक." आणि ते उठून सांडलेले दाणे गोळा करायला लागले. गिटारकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

परतीच्या एस्टीत वहिनी गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिवपुरी जवळ आली तेव्हा म्हणाल्या, "मी काय शोधायला गेले होते गं? त्यांच्या मुलाचं खोटं त्यांच्या दारात नेऊन ठेवलं." त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या भिंतीपलीकडून सूर आला नाही.

एके सकाळी त्या तयार होऊन माझ्या दारात उभ्या. "चल, कर्जतला. ज्याची त्याला देऊन येऊ."

पेद्रू गार्डांनी ती घेतली नाही. "पोराला दिली ती दिली. आता तुजी. वाजव बगू."

त्यांच्या रेडिओला जोडून वहिनींनी वाजवायला सुरुवात केली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्यानं कांडी धरलेला वहिनींचा हात हळूच वर उचलला. "दाबू नको, फक्त टेकव. बग." आणि कांडी स्वतः घेतली. तेव्हा आम्ही त्यांचा डावा हात नीट पाहिला. अंगठा आणि दोनच बोटं होती.

"डबे जोडताना गेली," ते सहज म्हणाले. "ह्याच हातानं तारा छेडायचो. मग बटण काडून ह्या बाजूला लावलं, तारा उलट्या लावल्या, उजव्या हातानं छेडायला शिकलो. पन डाव्या हाताला तारा दाबता येईनात. मग पट्टी ठोकून तारा उचलल्या. कांडी धरायला एवढी बोटं पुरतात."

वहिनींना तीन घरं वाटली होती. तो एकच माणूस होता. त्यांनी त्या बुजवलेल्या भोकावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग आठवड्यातून एक दुपार कर्जतची ठरून गेली. पेद्रू गार्ड ओरडायचे, वहिनी पुन्हा पुन्हा वाजवायच्या, मी कोपऱ्यात स्वेटर विणत बसायची. वहिनींचं वाजवणं त्या वर्षांत फार बदललं. पूर्वी त्या गाणं वाजवायच्या. आता त्यातला एखादाच सूर इतका लांबवायच्या की माझ्या सुया थांबत. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. जे थोडं कळायला लागलं ते तिथेच.

आंतोनची पत्रं येत राहिली, तो मात्र घरी फिरकला नाही. काही वर्षांनी भास्कररावांची घाटावर बदली झाली. सामानाचा ट्रक भरायच्या आदल्या दिवशी आम्ही कर्जतला गेलो. वहिनींनी गिटार पेद्रू गार्डांच्या खाटेवर ठेवली.

"परत नको म्हनलो ना?" ते चिडले.

"तुम्हाला देत नाहीये. आंतोन घरी येईल तेव्हा त्याला द्या. कुठून आली, कशी आली, काही सांगू नका. विचारूही नका. नुसती त्याच्या हातात द्या."

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. पण गिटार खाटेवरून उचलून आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना निरोप द्यायला कर्जतच्या फलाटावर गेले. इंजिन लागेपर्यंत गाडी थांबणार होती. वहिनी खिडकीशी होत्या. मी पोळीभाजीचा डबा दिला, दोघी उगाच इकडचंतिकडचं बोलत होतो, आणि पेद्रू गार्ड आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत गिटार. खिडकीसमोरच्या बाकावर बसले, ती मांडीवर आडवी घेतली.

वीज नसली की त्या गिटारला आवाज जेमतेमच असतो. फेरीवाल्यांच्या ओरडण्यात मला तर काहीच ऐकू येईना, नुसती कांडी सरकताना दिसत होती. वहिनींनी गजांना कान लावला. मागून इंजिनाचा धक्का बसला, गाडी हलली, तरी म्हातारा थांबला नाही आणि वहिनींनी मान उचलली नाही.

मी हात हलवत राहिले. माझ्याकडे बघायचं त्या विसरूनच गेल्या.